फोल्डरची नावं बदलायची की क्लासमॅपवर भागवायचं?

खटपट्या: काल रात्री पीएचपीचं ॲप सर्व्हरवर चढवलं आणि पहिल्याच पानावर 'क्लास नॉट फाउंड'. माझ्या मॅकवर तेच मजेत चालत होतं! तासभर कंपोझरला (पीएचपीची पॅकेजं आणणारं, क्लासच्या फाइली आपोआप लोड करून देणारं टूल) शिव्या घातल्यावर दिसलं, की नेमस्पेसमध्ये, म्हणजे क्लासच्या नावाआधीच्या पत्त्यात, 'मॉडेल्स'चा एम कॅपिटल आणि फोल्डरचा स्मॉल. क्लासच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल पीएचपी चालवून घेतं, पण ऑटोलोडर (लागेल तेव्हा क्लासची फाइल शोधणारा कोड) त्या नावावरूनच फाइलचा पाथ बनवतो आणि लिनक्सला तो अक्षर न् अक्षर जुळलेला लागतो. मॅक आणि विंडोज सहसा काणाडोळा करतात, म्हणून आपल्या मशीनवर पितळ उघडं पडत नाही.

असे चाळीसेक फोल्डर आहेत. माझं मत, पीएसआर-४ प्रमाणे (नेमस्पेस आणि फोल्डरची नावं जुळवायचा पीएचपीवाल्यांचा नियम) सगळे एकदाच नीट करावेत.

जुनं खोड: चाळीस? कशाला? कंपोझरच्या जेसन फाइलीत क्लासमॅपखाली (कोणता क्लास कुठल्या फाइलीत, याची यादी) तो फोल्डर टाक, ती यादी नव्याने बनवणारी डंप-ऑटोलोड कमांड चालव, विषय संपला. क्लासमॅप फाइल उघडून आत कोणता क्लास आहे ते बघतो, फोल्डरच्या नावाशी त्याला देणंघेणं नाही. नावं बदललीस तर बाकीच्यांच्या उघड्या ब्रँच मर्ज करताना कोण रडणार?

खटपट्या: आणि नवा क्लास लिहून डंप विसरलो की पुन्हा तीच एरर. लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कनेही सीडर्स (डेटाबेसमध्ये सुरुवातीचा डेटा भरणारे क्लास) आधी क्लासमॅपवरच ठेवले होते. आठव्या आवृत्तीत त्यांना नेमस्पेस दिला, फोल्डरचं 'सीड्स'चं 'सीडर्स' केलं आणि पीएसआर-४ वर आणले.

जुनं खोड: त्यांना जमतं, त्यांचा अपग्रेड गाइड लोक वाचतात. तुझा कोण वाचणार? डंपची ओळ डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये घाल. प्रॉडक्शनला ऑप्टिमाइझ करताना तसाही क्लासमॅपच बनतो.

अर्धविराम: इथे जरा घोळ होतोय. कंपोझर २ पासून पीएसआर-४ खालचा नियमात न बसणारा क्लास ऑप्टिमाइझ करताना मॅपमध्ये येतच नाही, 'स्किपिंग' म्हणून सोडून देतात. क्लासमॅपखाली स्वतः नोंदवलेला फोल्डर मात्र चालतो, तेवढं जुनं खोड बरोबर.

पण मुळात पीएसआर-४ मध्ये प्रीफिक्स, म्हणजे नेमस्पेसचा सुरुवातीचा भाग, कुठल्याही नावाच्या फोल्डरला जोडता येतो. 'ॲप' नेमस्पेस कॅपिटल आणि फोल्डर स्मॉल असूनही लारावेल चालतं ते त्यामुळेच. 'ॲप\मॉडेल्स' हा वेगळा प्रीफिक्स करून सध्याच्याच स्मॉल फोल्डरकडे वळवा, नामांतर टळलं.

खटपट्या: त्याच्या पोटातले फोल्डरही स्मॉल आहेत हो. प्रत्येकाला एक ओळ देत बसलो तर जेसनची वंशावळ होईल.

अर्धविराम: मग बदला, पण मॅकवर बसून थेट नको. नुसता केस बदलला तर गिटला बदल दिसतच नाही. गिट एमव्हीने (गिटची नाव बदलायची कमांड) आधी भलत्याच नावाला न्या, मग हव्या त्या नावाला आणा.

जुनं खोड: चाळीस फोल्डर, प्रत्येकी दोन खेपा. आणि म्हणे क्लासमॅपचा कंटाळा!

खटपट्या: स्क्रिप्ट लिहिली. लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालवतोय, तिथे एका खेपेत होतं.