हळदीचा अर्क: आतड्यांसाठी मिरीवाला घ्यावा की साधा?

नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय.

वडील ६८ वर्षांचे, नाशिकला गंगापूर रोडला राहतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे, मेसालामाइन या सूज कमी करणाऱ्या औषधावर सध्या आटोक्यात आहे. गोदापार्कच्या फिरायच्या गटात कुणीतरी हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या आणि त्यांनी ते मनावरच घेतलंय. दुकानदार म्हणतो, मिरीचा अर्क असलेलीच घ्या, नाहीतर अंगी लागत नाही.

वाचून एवढं समजलं की हळद पुडीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य गुणकारी घटक, जेमतेम तीनेक टक्के. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडं शोषलं जातं त्याची आतडी आणि यकृत लगेच विल्हेवाट लावतात. मिरीतलं पायपरिन ही विल्हेवाट रोखतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हाच आकडा डब्यांवर मिरवतात. काही कॅप्सूलमध्ये मिरीऐवजी सोया लेसिथिन असतं, त्यांची किंमत बघूनच पोट साफ होतं.

पण माझी शंका वेगळीच आहे. दुखणं मोठ्या आतड्यात, मग रक्तात पोचवायची एवढी घाई कशाला? न शोषलेलं कर्क्युमिन खाली उतरणारच, तिथले जिवाणूही त्याचं रूपांतर करतात. २००६ च्या जपानी चाचणीत आजार शांत असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने दिलं, तेव्हा आजार कमी जणांत उलटला. मग आतड्यांसाठी साधा अर्कच बरा नाही का?

हो, वडिलांच्या हृदयात स्टेंट आहे. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे.

प्रतिसाद:

ही शेवटची ओळ सगळ्यात वर हवी होती! मी फार्मसीत काम करतो. तुमचा तर्क मला पटतो, पण पायपरिन इतर औषधांचीही रक्तातली पातळी बदलू शकतं, म्हणून मिरीवाली नकोच. साध्या अर्कानेही रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढण्याची भीती असते. त्यात उद्या शौचातून रक्त गेलं, तर कोलायटिस उलटला की गोळ्यांचा प्रताप, हे कसं ओळखणार? पोटाच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. परवानगी मिळाली तर जेवणासोबत, तेही तूप-तेल असलेल्या. कावीळ किंवा गडद लघवी दिसली तर लगेच बंद, अशा अर्कांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद खुशाल चालू द्या.

पित्ताशयात खडे नाहीत ना? सोनोग्राफी कधी झाली होती?