मदत हवी आहे: धूळ की धूर, आधी पैसा कशावर?

मंडळी, पाथर्डी फाटा भागातल्या आम्ही काही सोसायट्या प्रभागासाठी निवेदन तयार करतोय. नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, म्हणून मागणी आकड्यांनिशी मांडायची आहे. पर्याय दोनच ठेवलेत: रस्त्याकडेची उघडी माती पेव्हर ब्लॉकने झाकणं, किंवा बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्या गॅसवर नेणं.

खर्चाची बाजू जमली आहे. पेव्हरचे दर ठेकेदाराकडून घेतले, बेकरीवाल्यांकडून महिन्याच्या लाकडाचा खर्चही कळला. गाडी अडलीय ती फायद्यापाशी. माती झाकली की मुख्यतः पीएम 10 (हवेतले 10 मायक्रॉनपर्यंतचे कण) उतरेल (वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम). भट्टीच्या धुरात मात्र पीएम 2.5 (2.5 मायक्रॉनपर्यंतचे अतिसूक्ष्म कण) जास्त, त्याची मर्यादा 40, आणि फुप्फुसात खोलवर जातो तो हाच. नुसतं 'एक किलो प्रदूषण कमी करायला किती रुपये' पाहिलं तर माती झाकणंच स्वस्त ठरतं. भट्टीशेजारी राहणाऱ्यांवर हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं.

सल्लागार नेमण्याइतके पैसे नाहीत, हवा मोजायचा सेन्सरही साधाच आहे. एक्सेलमध्ये बसेल अशीच पद्धत हवी.

आरोग्याच्या हिशोबात पीएम 2.5 ला पीएम 10 पेक्षा किती जास्त वजन द्यायचं, आणि पेव्हरचं आयुष्य किती वर्षं धरायचं?