हनोईतला पहिला रस्ता

परक्या शहरातली गर्दी पहिल्या दिवशी अंगावर येते, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. व्हिएतनाममधल्या हनोईच्या जुन्या भागात रस्ता ओलांडायला आम्ही दहा मिनिटं नुसते उभे होतो. स्कूटरींचा लोंढा थांबेचना. शेवटी एका आजींनी माझं मनगट धरलं आणि संथ पावलांनी पलीकडे नेलं. मध्येच थबकायचं नाही, धावायचं नाही, मागे तर मुळीच फिरायचं नाही; स्कूटरवालेच आपल्याला वळसा घालून जातात. मग गल्ल्यांच्या नावांचे अर्थ कळू लागले. हांग बाक म्हणजे चांदीची, हांग मा कागदी पूजासामानाची. मला पुण्यातली तांबट आळी आठवली! फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून तांदळाच्या शेवयांचं गरमागरम फो सूप प्यायले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या आजींचे धड आभारही मानता आले नाहीत, याची रुखरुख अजून आहे.