फायटरला सोबत हवी आहे की आपल्याला?

पाणवेल
नर फायटर (बेट्टा) मासा घेतला की जो तो एकच सल्ला देतो, एकटाच ठेवा. मला हे अर्धसत्य वाटतं. दोन नर एका टाकीत नकोत, यात वाद नाही. पण दुसऱ्या नराला फाडतो म्हणून तो कुणालाच खपवून घेत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? त्याचं डोकं फिरतं ते मुख्यतः स्वतःसारख्या दिसणाऱ्यावर: झुलते पर, भडक रंग. तळाची वाळू उकरत फिरणाऱ्या कोरी नावाच्या छोट्या, मळकट माशाशी त्याचं काय वाकडं असणार? साठेक लिटरची लांबट टाकी, दाट झाडं, सहा-आठ पिग्मी कोरी, दोन नेराइट गोगलगायी. फायटर वर, कोरी खाली. असा बेत आहे. बोला.

एकांडा शिलेदार
बोलतो. सोबत कुणाला हवी आहे, माशाला की टाकीसमोर बसणाऱ्याला?
कोरी, टेट्रा, रासबोरा हे थव्याचे मासे, एकटे पडले की बिथरतात. फायटर त्यातला नाही. उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यात आपला तुकडा राखून राहणारा प्राणी आहे तो. तिथे हरलेला मासा निघून जातो आणि भांडण मिटतं. काचेच्या चार भिंतींत निघून जाणार कुठे? वीसेक लिटरची टाकी, हीटर, संथ फिल्टर आणि पाण्याजवळ टेकायला एक रुंद पान एवढं दिलं की त्याला काही कमी पडत नाही. 'कंटाळतो बिचारा' हे आपल्या मनाचे खेळ.

चिंगी
मला दुकानात छातीठोकपणे सांगितलं होतं, गप्पी चालतात. नर गप्पीची शेपटी म्हणजे फायटरच्या डोळ्यांना आयतं आव्हान! घेतले नाहीत ते बरंच. चेरी कोळंबीचं काय, कुणी सांगेल का?

गाळणी
@चिंगी, टिकली तर टिकली. फायटर शिकार कशी करतो ते एकदा नीट बघा. आधी जागच्या जागी थबकतो. छातीचे छोटे पर तेवढे भिरभिरत असतात. दोन्ही डोळे पुढे वळवून रोखून बघतो, अंग किंचित बाकदार होतं आणि पुढच्या क्षणी कोळंबीच्या जागी नुसती वाळू उडालेली. मोठ्या कोळंब्या दाट मॉसमध्ये तग धरतात, पिल्लं बहुतेक पोटात जातात. महागाच्या रंगाची कोळंबी असेल तर नादी लागू नका.

@पाणवेल, पिग्मी कोरी तळाशी राहते हे कुणी सांगितलं? तिचा थवा बराच वेळ मधल्या पाण्यात तरंगतो. पांडा कोरी तळाची खरी, पण तिला थोडं गार पाणी मानवतं आणि फायटरला २५ ते २८ अंश लागतं. उबदार पाण्यात स्टर्बाय कोरी खुशीत राहते. बारीक वाळू हवी, धारदार खडीने मिशा झिजतात.

पाणवेल
पिग्मीचं मान्य, स्टर्बाय बघतो. पण शिलेदार, माझा मुद्दा तसाच आहे. जागा आणि आडोसा असेल तर हाकललेला मासा झाडामागे जातो, प्रकरण तिथेच संपतं.

एकांडा शिलेदार
आणि खाणं? कोरीसाठी टाकलेली गोळी तळाला पोचायच्या आधी हा खादाड गट्ट करणार, मग पोट फुगून बसणार. शिवाय सगळा दोष फायटरचाच का? टायगर बार्ब, सर्पे टेट्रा असले खोडकर आणले तर त्याच्याच शेपटीच्या चिंध्या होतात. हाफमून म्हणजे लांब, पसरट शेपटीच्या फायटरला आधीच ती झालर ओढत पोहायचं असतं, पळणार काय? आखूड पराचा प्लाकट फायटर चपळ, पण मग तो पाठलागही तसाच करणार.

गाळणी
खाण्यावर उपाय सोपा आहे. फायटरला आधी वर खायला घाला, दिवे मालवल्यावर कोरीची गोळी टाका. स्वभावाला मात्र उपाय नाही, एकाच पैदाशीतला एक नर गोगलगाईची शिंगंही कुरतडतो, दुसरा ढुंकून बघत नाही. म्हणून क्रम पाळा. आधी टाकी मुरू द्या, म्हणजे उपयोगी जिवाणू वाढून विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊ द्या. मग सोबती सोडा, आणि फायटर सर्वांत शेवटी, म्हणजे आल्या आल्या सगळी टाकी आपलीच असं त्याला वाटत नाही. अधूनमधून कल्ले फुलवले तर घाबरू नका. दिवसभर पाठलाग किंवा पर मिटून कोपऱ्यात बसणं दिसलं की त्याच दिवशी वेगळे करा.

चिंगी
म्हणजे रिकामी टाकी आधीच हाताशी हवी?

एकांडा शिलेदार
अगदी! इथे सगळे सोबत्यांच्या याद्या देतात, या टाकीचं नाव कुणी काढत नाही. पाणवेल, तुमच्याकडे आहे का?

पाणवेल
वीस लिटरची आहे. स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत मुरायला टाकलाय. हीटर तेवढा घ्यायचाय.

एकांडा शिलेदार
मग आधी हीटर घ्या, कोरी नंतर. माझं मत बदललेलं नाही.