नंबर थिअरीची ओढ म्हणजे गणिताची ओढ का?

बाकी_शून्य (धागाकर्ता)

गणितात बुडालेल्या कुणालाही विचारा, ओढ कशानं लागली. उत्तर पुष्कळदा मूळ संख्यांपाशी येतं. मला यात योगायोग दिसत नाही. विद्यार्थ्याला खऱ्या गणितापर्यंत नेणारी सगळ्यात जवळची वाट नंबर थिअरीतून, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांच्या अभ्यासातून जाते, आणि शाळा नेमकी तीच वाट बंद करते. मूळ संख्या, मसावि, लसावि लहान वर्गांत उरकले की विषय संपला. पुढे तो भेटतो ऑलिंपियाडला बसणाऱ्यांना, नाहीतर पदवीला गणित घेणाऱ्यांना. ज्या वयात मुलं 'का?' विचारून भंडावून सोडतात, ती सगळी वर्षं कोरडी जातात.

गोल्डबाख आणि ऑयलर यांच्या १७४२ च्या पत्रव्यवहारातला प्रश्न घ्या. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? १० = ३ + ७, २८ = ५ + २३, १०० = ३ + ९७. संगणकानं ४ वर अठरा शून्यं एवढ्या संख्येपर्यंत तपासून झालंय, कुठेही अडलेलं नाही, आणि सिद्धता आजही नाही. ज्याला फक्त बेरीज येते त्याच्यापुढे जगातल्या कुणालाही न सुटलेला प्रश्न ठेवता येतो! दुसऱ्या कुठल्या शाखेत हे जमतं? गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सला फर्माचा प्रश्न (दोन घनांची बेरीज घन, दोन चौथ्या घातांची बेरीज चौथा घात, असं पुढे कधी होतं का?) दहाव्या वर्षी वाचनालयातल्या पुस्तकात सापडला, आणि १९९४ साली त्याची सिद्धता त्यानंच पूर्ण केली.

दुसरं म्हणजे, इथे नुसत्या अंदाजाला फार लवकर ठेच लागते. २×३+१ = ७, २×३×५+१ = ३१, पुढे २११, मग २३११. सगळ्या मूळ. विद्यार्थी छातीठोकपणे नियम सांगतो, की अशी संख्या मूळच असणार. पुढची पायरी ३००३१, आणि ती निघते ५९×५०९. चार उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, हे कितीही बजावून सांगा, या एका गुणाकारानं ते जसं कळतं तसं कळणार नाही. आणि गंमत अशी की मूळ संख्या अनंत आहेत हा युक्लिडचा युक्तिवाद यानं जराही ढासळत नाही. ५९ आणि ५०९ दोन्ही आपण गुणलेल्या २ ते १३ या मूळ संख्यांच्या यादीबाहेरच्याच आहेत, म्हणजे यादीत नसलेली मूळ संख्या मिळालीच, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

त्रिज्या

साफ असहमत. प्रश्न कळणं वेगळं आणि त्या प्रश्नाचं काही करता येणं वेगळं. दहा वर्षांच्या वाइल्सला जे समजलं होतं त्यातलं शेवटच्या सिद्धतेत काय उरलं? तिथे लंबवर्तुळी वक्र आहेत, मॉड्युलर फॉर्म आहेत, शंभराहून जास्त पानांचा शोधनिबंध आहे. प्रश्न मुलाच्या हातात आणि उत्तर पंचवीस वर्षांच्या अभ्यासापलीकडे, अशा वेळी उत्साहाची जागा हताशपणा घेतो.

कोलाट्झचा प्रश्न पाहा. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, आणि हेच करत राहा. दर वेळी शेवटी १ येतो का? २७ पासून सुरू केलं तर ९२३२ पर्यंत चढून १११ पायऱ्यांनी १ येतो. हुशार मुलं यात आठवडेच्या आठवडे घालवतात आणि हातात नुसते आकड्यांचे रकाने उरतात. तेवढ्या वेळात भूमितीत ती दहा गोष्टी स्वतः सिद्ध करतील.

आणि 'दुसऱ्या कुठल्या शाखेत हे जमतं' याला उत्तर आहे. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात का, हा १८५२ सालचा प्रश्न रंगपेटी हाताळणाऱ्या मुलालाही कळतो. तो सुटायला १९७६ साल उजाडलं, तेही संगणकाच्या मदतीनं. यात नंबर थिअरी कुठेही नाही.

आडवी_बेरीज

धागाकर्त्याला +१. कापरेकरांचा ६१७४ कुणालाही दाखवून बघा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेली संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. कापरेकर शाळेत शिक्षक होते, विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. मुलांना हे कळलं की 'आपणही शोधू शकतो' असं वाटतं, आणि उत्साह म्हणतात तो हाच.

समास

कापरेकरांविषयी मला आदर आहे. पण धाग्यातला धोका मला नेमका इथेच दिसतो. ६१७४ हे आपण दहाच्या पायावर, म्हणजे ० ते ९ हे दहा अंक वापरून लिहितो म्हणून आहे. वेगळ्या पायानं लिहिलं की चित्र पालटतं. इंग्रज गणितज्ञ हार्डीनं १९४० साली अशाच एका गोष्टीचा दाखला दिला होता. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा, की त्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत: ८७१२ = ४×२१७८, ९८०१ = ९×१०८९. त्याचं म्हणणं होतं की कोड्यांच्या सदरात हे शोभेल, गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही.

मी हार्डीच्या बाजूनं आहे. आकड्यांची करामत बघून टाळ्या मिळतात, आणि शिक्षकाला वाटतं वर्गाला गणिताची गोडी लागली. पुढच्या तासाला सिद्धता आली की तीच मुलं जांभया देतात, कारण त्यांना चटक लागलेली असते ती चमत्काराची. रामानुजनच्या गोष्टी ज्या पद्धतीनं सांगितल्या जातात त्यातही हाच दोष आहे. टॅक्सीच्या नंबरचा १७२९ (दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारांनी लिहिता येणारी सगळ्यात लहान संख्या) सगळ्यांना पाठ, पण विभाजनांविषयीचं त्याचं निरीक्षण किती जण सांगतात? ४ ही संख्या बेरजेच्या रूपात (क्रम न मोजता, नुसता ४ धरून) ५ प्रकारांनी लिहिता येते, ९ ही ३० प्रकारांनी, १४ ही १३५ प्रकारांनी. अशी पाच-पाचची उडी घेत गेलं की प्रकारांची संख्या दर वेळी ५ नं भागली जाते. आणि हे त्यानं सिद्धही केलं.

खडूफळा

समास, तुमची काळजी मी वर्गात रोज पाहते, तरी निष्कर्ष मान्य नाही. करामत दाखवून थांबलं तर चमत्कार, पुढे गेलं तर गणित. ६१७४ चंच घेऊ.

मोठ्याकडून लहानाकडे अंक अ, ब, क, ड धरा. अबकड मधून डकबअ वजा केलं की उरतं ९९९(अ − ड) + ९०(ब − क). बघा, चार अंकांचं काम दोनच फरकांवर आलं. पहिला फरक १ ते ९, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही. म्हणजे शक्यता किती? २ + ३ + … + १०, एकूण ५४. जवळजवळ दहा हजार संख्यांचा प्रश्न ५४ ओळींवर आला, आणि त्या वर्गात वाटून घेऊन हातानं तपासता येतात. सगळ्या तपासल्या की 'नेहमी ६१७४ येतो' हे सिद्ध झालं, कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही.

हे करत असताना एका मुलीनं विचारलं, 'मग गोल्डबाखचं पण असंच तपासून का नाही संपवत?' तिला मर्यादित आणि अनंत यातला फरक मी सांगितला नव्हता. तो तिला ५४ ओळींनी दाखवला. दहाच्या पायावर बेतलेली करामत म्हणून ६१७४ बाजूला टाकला असता तर हा प्रश्न आलाच नसता. आणखी एक: ९९९ आणि ९० दोन्ही ९ नं भागले जातात, म्हणून प्रत्येक पायरीचं उत्तर ९ नं भागलं जातं. ९ च्या कसोटीमागचं कारण मुलांना इथे अलगद सापडतं. एरवी ती कसोटी कारणाशिवायच पाठ करवली जाते.

उजळणी

सगळी चर्चा ज्यांना आधीच गोडी आहे त्यांच्याभोवती फिरतेय. गणितात रमलेल्यांनाच विचारलं तर ते मूळ संख्या सांगणारच. ज्यांनी गणित सोडलं त्यांना कुणी विचारलंय? बहुसंख्य मुलांची गाडी अपूर्णांकांपाशी अडलेली असते. त्यांच्यापुढे गोल्डबाख ठेवला की वर्गातली तीन-चार मुलं उजळतात आणि बाकीच्यांची खात्री पटते की हे आपलं काम नाही.

रामानुजनबद्दल समासना जोड देतो. बाकीच्या विषयांकडे पाठ फिरवल्यानं तो कॉलेजच्या परीक्षेत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. भाषणांत हे कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही, त्या काळात त्याची फार ओढाताण झाली.

कुलूपकिल्ली

उपयोगाचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. हार्डीला अभिमान होता की नंबर थिअरी निरुपयोगी आहे. १९७७ साली आरएसए पद्धत आली आणि तीच निरुपयोगी गोष्ट गुप्त संदेशांच्या कामी आली. वर ३००३१ आलाय तोच घ्या. ५९×५०९ कागदावर मिनिटभरात होतो. उलट ३००३१ देऊन अवयव विचारा, तर २ पासून एकेक मूळ संख्या लावत जावं लागतं, आणि सतराव्या मूळ संख्येला, ५९ ला, दार उघडतं. शेकडो अंकी संख्यांना हीच अडचण प्रचंड होते आणि कुलूप टिकतं. ज्यांना 'याचा उपयोग काय' हा प्रश्न छळतो त्यांना एवढं पुरेसं आहे.

बाकी_शून्य

कुलूपकिल्ली, माहिती अगदी बरोबर, पण उपयोग दाखवून ओढ लावण्याच्या मी विरोधात आहे. उपयोगासाठी शिकलेलं उपयोग संपला की सुटतं.

त्रिज्या, चार रंगांचा दाखला मान्य, 'दुसऱ्या कुठल्या शाखेत' हे मागे घेतो. पण प्रश्न हातात आणि उत्तर आवाक्याबाहेर, हे सगळ्या नंबर थिअरीला लागू नाही. कोणत्या संख्या दोन वर्गांची बेरीज असतात? ५ = १ + ४, १३ = ४ + ९, १७ = १ + १६, २९ = ४ + २५. पण ३, ७, ११, १९, २३ कितीही झटापट करा, जमत नाहीत. विद्यार्थी तक्ता करतो तेव्हा त्याला दिसतं की न जमणाऱ्या या सगळ्यांना ४ नं भागलं की बाकी ३ उरते. आता कारण. सम संख्येच्या वर्गाला ४ नं भागलं की बाकी ०, विषमाच्या वर्गाला भागलं की १. दोन वर्गांच्या बेरजेत बाकी ०, १ किंवा २ येईल, ३ कधीच नाही. संपलं. तीन ओळींत अनंत संख्यांचा निकाल लागला, आणि लावला कुणी? बाकी काढता येणाऱ्या मुलानं.

उलट बाजू, म्हणजे बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या जमतेच, हे फर्मानं १६४० मध्ये लिहून ठेवलं आणि ऑयलरनं सिद्ध केलं ते शंभराहून जास्त वर्षांनी. एकाच प्रमेयाचा अर्धा भाग मुलाच्या आवाक्यात आणि उरलेला अर्धा पुढे कधीतरी पोचायला. मला हवी ती ओढ ही.

त्रिज्या

दोन वर्गांचं उदाहरण सुंदर आहे, त्यावर वाद नाही. माझा आक्षेप मात्र तसाच राहतो. तुम्ही सांगताय ती ओढ सिद्धतेची आहे, आणि सिद्धता भूमितीतही आहे. मग नंबर थिअरीलाच मान का?

बाकी_शून्य

कारण इथे मूल अटकळ स्वतः बांधतं आणि स्वतःच मोडतं. न² + न + ४१ घ्या. न ला ० ते ३९ काहीही द्या, मूळ संख्याच येते. न = ४० ला ४१×४१. हे तर मुलांना सापडतंच. ऑयलरला वाटलं होतं की एखाद्या संख्येचा पाचवा घात ही पाचपेक्षा कमी संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज असूच शकत नाही. ते १९६६ मध्ये एका ओळीनं मोडलं: २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज म्हणजे १४४ चा पाचवा घात. शाळेच्या भूमितीत विद्यार्थ्याला बहुतेक वेळा 'सिद्ध करा' म्हणून आधीच खरं ठरलेलं वाक्य दिलं जातं. ते खरं आहे की नाही हा संशय घ्यायची वेळच येत नाही.

खडूफळा

उजळणी, तुमच्या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलं नाही, मी देते. अपूर्णांकांपाशी अडलेल्या मुलांना मी १/७ चा लांब भागाकार करायला लावते. ०.१४२८५७ आणि पुन्हा तेच. अंकांपेक्षा बाकीकडे बघायला सांगते: १, ३, २, ६, ४, ५, परत १. सातनं भागताना शून्याखेरीज सहाच बाकी असू शकतात, मग फिरून यावंच लागणार. हे कच्ची समजली जाणारी मुलंही सांगतात, त्यासाठी कुणी हुशार असावं लागत नाही. मग १/१३ करा, तिथेही सहाच अंक फिरतात. १/११ ला दोन, १/३७ ला तीन, १/१७ ला सोळा. यातलं प्रत्येक उत्तर त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर जे येतं त्याला भाग देतं. का, ते फर्माच्या एका छोट्या प्रमेयात आहे आणि ते नंतर. पण भागाकाराचा सराव झाला, दशांश झाले, अपूर्णांक झाले, आणि वेगळा तास लागला नाही.

उजळणी

असं असेल तर माझा विरोध नाही. फक्त एक अट: १/७ फळ्यावर तुम्ही सोडवायचा नाही. ज्याला भागाकार अडतो त्यालाच तो पुरा करू द्या, वेळ लागला तरी चालेल. चलाख मुलानं 'सहा अंक फिरतात' असं आधीच ओरडून सांगितलं की उरलेल्यांची गंमत गेली.