तिरुपतीला पाच जण, कमी पैशात. मदत हवी आहे, अर्जंट (नोव्हेंबर २०२५)

मानोऱ्याचा_गडी
तिरुपतीला जायचं आहे, पाच जण. स्वस्तात स्वस्त कसं पडेल ते सांगा. एजंट म्हणतो गाडी फुल्ल आहे. ट्रॅव्हल्सवाल्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून खालीच बसलो. सोयाबीन ३९०० नी गेलं, पहिल्या वेच्याचा कापूस घरातच पडून आहे. तेव्हा विमानाचं कोणी सांगू नका. लवकर सांगा, टाइम नाही.

पुसदकर_७१
कधी जायचं? पाचात म्हातारे किती, लेकरं किती? ‘स्वस्तात’ म्हणजे हातात किती आहेत? ह्यातलं काहीच लिहिलं नाही आणि वरून टाइम नाही म्हणता.

संत्रानगरी
नागपूरला या. केरळ एक्स्प्रेस रोज आहे, थेट तिरुपतीला थांबते. आम्ही दोनदा गेलो. इतका विचार कशाला?

वाशीम_स्टेशन_रोड
मानोऱ्याचा माणूस नागपूरला काहून जाईल बापा? अर्धा दिवस अन् जेवणाचा खर्च तिथंच. अमरावती-तिरुपती गाडी अकोला, वाशीम, हिंगोली करत जाते. वाशीमला बसा, उतरा थेट तिरुपतीला. फक्त आठवड्यातून दोनदाच आहे.

संत्रानगरी
दोनदाच आहे म्हणून तर फुल्ल असते. रोजची गाडी सोडून त्याच एका गाडीमागे का लागायचं?

विमानवेडा
नागपूर-गोवा तिकीट कधीकधी लय स्वस्त लागते. मंगळवार-बुधवारचं पाहून ठेवा.

पुसदकर_७१
विमानाचं नको म्हणाला ना तो. आणि गोव्याचं कोणी विचारलं?

एसटीचा_माणूस
७५ च्या वरच्यांना एसटी पूर्ण फुकट, ऑगस्ट २०२२ पासून. ६५ ते ७५ ला अर्धं. मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्यांना अर्धं. एसटीनं जा.

वाशीम_स्टेशन_रोड
भाऊ, ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. तिरुपतीला लालपरी जाते काय? वाशीमपर्यंत मात्र कामाची आहे.

मानोऱ्याचा_गडी
आई ७६, बाबा ७९. मी, बायको, पोरगी ९ वर्षांची. आणि पोरगा ३ वर्षांचा, त्याचं जावळ काढायचं आहे, आईचा नवस आहे. जायचं २७ डिसेंबरला, शाळेला सुट्टी असते. म्हाताऱ्यांना रेल्वेत सवलत असते ना? एजंटनं लावलीच नाही, त्यानंच खाल्ली वाटतं.

पुसदकर_७१
हे मोजलं तर सहा झाले.

जुना_बुकिंग_क्लार्क
एजंटला त्यासाठी शिव्या देऊ नका. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे. पण ‘लावलीच नाही’ म्हणजे? तिकीट काढलेलं आहे का? काढलं असेल तर वेटिंग किती, ते आधी सांगा.

मानोऱ्याचा_गडी
हो, काढलं आहे. सहाही जण एकाच तिकिटावर. स्लीपर, वेटिंग ४३. एजंटनं माणशी २०० वर घेतले. ते क्लियर होईल का एवढंच सांगा.

शेगावची_वाट
मी म्हणतो यंदा शेगावला जाऊन या. गजानन माऊलीच्या दारी जावळ काढा, सकाळी निघून संध्याकाळी घरी. कर्ज काढून नवस फेडावा असं देवालाही वाटत नसेल.

कारंजेकरीण
नवस कोणत्या देवाचा ते म्हातारीनं ठरवलं आहे, तुम्ही नाही. आमच्या सासूबाईंना असंच कोणी समजावलं होतं. पुढं चार वर्षं घरात काहीही बिघडलं की ‘तिरुपती राहिलं म्हणून’. शेवटी गेलोच, तेही दुप्पट खर्चानं. त्यापेक्षा जाऊ द्या त्यांना.

जुना_बुकिंग_क्लार्क
मानोरेकर, नीट वाचा, घाई करू नका.

तीन वर्षांच्या पोराला तिकीट लागतच नाही, पाचच्या आत फुकट. एजंटनं त्याचंही काढलं, कारण त्याला माणशी पैसे मिळतात. अधिकृत एजंटनं स्लीपरला अख्ख्या तिकिटामागे २० रुपये घ्यायचे असतात, हेही सांगून ठेवतो. पोरीला अर्धं तिकीट चालतं, पण मग बर्थ मिळणार नाही, आईजवळ झोपावं लागेल. नऊ वर्षांची आहे, झोपेल. बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं.

दुसरं, आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा, दोघांचंच. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा असतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. तुम्ही सहा जण एकत्र घातले, तिथंच तो गेला. ७९ वर्षांच्या माणसाला वरच्या बर्थवर चढवणार होते काय?

तिसरं, तारीखच चुकीची आहे. यंदा (२०२५) ३० डिसेंबरला वैकुंठ एकादशी. तिथून दहा दिवस वैकुंठद्वार उघडं असतं, तिरुमलेवर, म्हणजे वर डोंगरावर मंदिरापाशी, पाय ठेवायला जागा नसते. खोली महाग, गर्दीत म्हातारे हैराण. संक्रांत होऊ द्या, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, म्हणजे तुमच्या हातात आठ-दहा दिवस आहेत. वेटिंगचं तिकीट रद्द करा, माणशी ६० रुपये कटतील. एजंटचे गेले ते गेले.

मानोऱ्याचा_गडी
पण शाळा बुडेल ना पोरीची.

कारंजेकरीण
चौथीत आहे ती, चार दिवसांनी काही बुडत नाही. दर्शनाचं पाहिलं का? ३०० रुपयांचं तिकीट ऑनलाइन निघतं, पण ते आधीच संपतं. बारा वर्षांखालच्या पोरांना ते लागत नाही. नाही मिळालं तर फुकटचं दर्शन आहे, खाली तिरुपतीत टोकन मिळतं, सगळ्यांचं आधार सोबत ठेवा. जेवणाचा खर्च धरूच नका, वर अन्नप्रसाद फुकट, पोटभर. भात-सांबार आहे म्हणून बाबा कुरकुर करतील. दशम्या, तिखट-मीठ अन् ठेचा बांधून न्या. आणि जावळ कल्याणकट्ट्यावरच, म्हणजे देवस्थानाच्या केस काढायच्या जागीच काढायचं, तिथं पैसे लागत नाहीत. बाहेर कोणी ‘इकडे या’ म्हणालं तरी जायचं नाही.

क्रूझरवाला
सहा जण असाल तर गाडीच करा. आमची क्रूझर आहे, दारातून दारात.

पुसदकर_७१
धंदा करू नका इथं.

क्रूझरवाला
धंदा काहून म्हणता, मदतच करतो. मागच्या साली एका यात्रेवाल्यानं आमच्या गावच्या बारा लोकांचे पैसे घेतले अन् फोन बंद केला. त्यापेक्षा वळखीची गाडी बरी.

पांढरं_सोनं
कापूस घरात ठेवू नका. आयातीवरचं ११ टक्के शुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केलं आहे, व्यापारी भाव पाडूनच मागणार. ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) द्या. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० आहे. ओलावा ८ पर्यंत पूर्ण भाव, १२ च्या वर घेतच नाहीत. उन्हात टाका आधी.

पुसदकर_७१
धागा तिरुपतीचा आहे.

पांढरं_सोनं
मग तिरुपतीचे पैसे कुठून येणार, बालाजी देणार काय?

संत्रानगरी
केरळ एक्स्प्रेस पाहा असं मी अजूनही म्हणतो.

मानोऱ्याचा_गडी
(दहा दिवसांनी) सगळ्यांना धन्यवाद. क्लार्क साहेबांनी सांगितलं तसं केलं. जुनं रद्द केलं. आज सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनीच मोबाइल घेऊन टाकीवर चढलो, घरात रेंज नाही. आई-बाबांचं वेगळं काढलं, दोघांना खालचा बर्थ लागला, एकाच डब्यात. आम्हा दोघांचे बर्थ अन् पोरीचं अर्धं, ते पुढच्या डब्यात. बाबा म्हणतात इतकी खटपट केली, आता भावबी चांगला लागेल. कापसाची नोंदणीही करून टाकली.

जुना_बुकिंग_क्लार्क
छान झालं. परतीचं कोणत्या तारखेचं काढलं? गाडी आठवड्यातून दोनदाच आहे, तिथले दिवस त्यावरच ठरतील.

मानोऱ्याचा_गडी
परतीचं? तिरुपती ते वाशीमचं तिकीट इथूनच निघते काय? मी म्हटलं तिथं गेल्यावर काढू.