शाळेचा गायनवर्ग आणि चर्चचा गायकवृंद एकाच व्यक्तीने सांभाळताना

प्रश्न — नवा_गायनशिक्षक

नमस्कार. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक वस्तीच्या) शाळेत मी यंदा संगीतशिक्षक म्हणून रुजू झालो असून, त्याच धर्मग्रामाच्या चर्चमधील गायकवृंदाची जबाबदारीही प्रमुख धर्मगुरूंनी माझ्याकडेच दिली आहे. शाळा मराठी माध्यमाची व अनुदानित आहे, आणि वर्गात कॅथलिक मुलांइतकीच इतर धर्मांची मुलेही आहेत. चर्चमध्ये रविवारची मोठी मिस्सा (सामूहिक उपासना), आगमनकाळ (नाताळपूर्वीचे आठवडे), नाताळ, उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे आठवडे), पवित्र सप्ताह, चर्चचा वार्षिक सण आणि अधूनमधून येणारी लग्ने व अंत्यविधी असे सगळे आले.

गायकवृंद वाईट गात नाही. मात्र तो गात असताना खाली बसलेले भाविक गप्प असतात, आणि चांगले गायले की मिस्सेनंतर लोक 'कार्यक्रम छान झाला' असे सांगून जातात, हे मला खटकते. दुसरी अडचण मुलग्यांची आहे. सातवीपर्यंत उत्साहाने येणारे मुलगे आठवी-नववीत आवाज फुटू लागला की एकेक करून दिसेनासे होतात. शाळेत कोणती गीते घ्यावीत आणि कोणती घेऊ नयेत, याबद्दलही मनात स्पष्टता नाही. संस्थेला आंतरशालेय स्पर्धेतील चषक हवा आहे, धर्मगुरूंना नाताळची तयारी हवी आहे, आणि ज्येष्ठ गायकांना त्यांची जुनी गीते आहेत तशीच हवी आहेत. या कामात यश नेमके कशात पाहावे आणि आनंद कसा टिकवावा, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर १ — उपासना_संगीत

आपल्याला जे खटकते आहे तिथूनच सुरुवात करावी, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा जो संविधानग्रंथ संमत केला, त्यात गायकवृंदांची जोपासना करावी असे म्हटले आहेच, पण भाविकांनी प्रतिसाद, उद्घोष आणि स्तोत्रगायन यांतून सक्रिय भाग घ्यावा, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. त्यानंतर 1967 मध्ये उपासनेतील संगीताविषयी 'मुसिकाम साक्राम' ही सूचनापत्रिका आली. तिच्यात मिस्सेतील गायनाच्या तीन पायऱ्या लावून दिल्या आहेत, आणि आपल्याकडील बहुतेक गायकवृंदप्रमुखांनी त्या कधी पाहिलेल्याच नसतात.

पहिल्या पायरीवर धर्मगुरू आणि भाविक यांच्यातील संवाद येतात: अभिवादन, शुभवर्तमानाच्या वेळचे उद्घोष, उपकारस्तुतीपूर्वीचा संवाद, 'पवित्र, पवित्र, पवित्र', प्रभूची प्रार्थना, समारोपाचा निरोप. दुसऱ्या पायरीवर 'हे प्रभू, दया कर', महिमागान, 'हे देवाच्या कोकरा' यांसारखे भाग आहेत. प्रवेशगीत, अर्पणगीत, प्रभुभोजनाच्या वेळचे गीत आणि वाचनानंतरचे स्तोत्र ही तिसरी पायरी आहे. पहिली पायरी एकटी वापरता येते, परंतु दुसरी आणि तिसरी पहिलीला वगळून वापरू नये, असा नियम आहे. आपण नेमके उलट करतो. प्रवेशगीताला कीबोर्ड, गिटार, तबला आणि तीन आवाजांची जुळणी असा सगळा लवाजमा असतो, आणि धर्मगुरूंनी 'प्रभू तुम्हांबरोबर असो' म्हटल्यावर लोक पुटपुटतात.

त्यामुळे माझा सल्ला असा की, पहिल्या वर्षात नवी गीते जवळजवळ आणूच नयेत. 'पवित्र, पवित्र'ची एकच चाल निवडावी, ती साधी असावी, आणि आगमनकाळापासून उपवासकाळाच्या सुरुवातीपर्यंत दर रविवारी तीच गावी. लोकांना चाल पाठ व्हायला आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो; ज्या सुमारास गायकवृंद एखाद्या चालीला कंटाळतो, त्याच सुमारास भाविक ती गायला लागलेले असतात, आणि दुर्दैवाने आपण नेमकी तेव्हाच ती बदलतो. धर्मगुरूंना स्वतःचा भाग गाण्याची विनंती करावी. बहुतेक फादर 'माझा गळा बरा नाही' म्हणून टाळतात. त्यांना तीन स्वरांत बसणारी चाल द्यावी आणि शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ त्यांच्याबरोबर बसावे.

उत्तर २ — निवृत्त_संगीतबाई

मी आयुष्यभर शाळेत शिकवले आणि चर्चमध्येही गायले, म्हणून मुलांविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

प्रथम एक गोष्ट पक्की करून घ्या. शाळेचा गायनगट आणि चर्चचा गायकवृंद हे दोन वेगळे गट आहेत, त्यांत बरीच मुले समान असली तरी. आपली शाळा अनुदानित आहे, आणि राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदानुसार अशा शाळेत कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. हा अडथळा आहे असे मला कधी वाटले नाही. उलट त्यामुळे शाळेच्या गटाचे दार सर्वांना उघडे राहते. परिपाठात साने गुरुजींची 'खरा तो एकचि धर्म' ही प्रार्थना घ्या, तुकोबांचा एखादा अभंग घ्या, 2023 मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' घ्या, कोळीगीत घ्या. फादर स्टीफन्स यांच्या 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या तर सर्व मुलांसमोर मराठी साहित्य म्हणून ठेवता येतात. ओवी म्हणायला लागलेल्या मुलाला श्वास कुठे घ्यायचा, हे वेगळे शिकवावे लागत नाही. शाळेत कमावलेला हा श्वास आणि हे शब्दोच्चार रविवारी चर्चमध्ये आपोआप कामी येतात.

उच्चारांवर वेळ घालवा. आपल्याकडील अनेक गीते पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द बसवून तयार झालेली आहेत, आणि त्यांत ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर येऊन पडते. 'करुणा'मधला 'रु' चार मात्रा ताणला गेला की मुले 'करूऊणा' गातात आणि पुढचा 'णा' गिळतात. अशा ठिकाणी मी चालीला किंचित मुरड घालत असे: लांब स्वर 'णा'वर नेला की शब्दही सुटतो आणि गाणेही. तालमीत प्रत्येक ओळ आधी ठेक्यात नुसती म्हणून घ्यावी, मग पेटीशिवाय गाऊन घ्यावी आणि सगळ्यांत शेवटी पेटीवर घ्यावी. पहिल्यापासून पेटीबरोबर शिकलेली मुले पेटी थांबताच थांबतात.

आता मुलग्यांचा प्रश्न. साधारण बारा ते चौदा या वयात त्यांचा आवाज खाली उतरू लागतो, वरचे स्वर जातात, आणि काही महिने त्यांच्या हातात पाच-सहा स्वरांचाच पट्टा उरतो. त्या काळात मुलाला जुन्याच स्वरात गायला लावले की आवाज फाटतो, शेजारच्या मुली हसतात, आणि तो पुन्हा येत नाही. त्याला कळत असते ते एवढेच, की आपल्याला आता गाता येत नाही. म्हणून आवाज फुटण्याआधीच, सहावी-सातवीत, वर्गासमोर हे सांगून ठेवावे की असे होणार आहे, सर्वांचेच होते आणि त्यातून नवा आवाज मिळतो. मग त्या पाच-सहा स्वरांत बसेल असा वेगळा भाग त्यांच्यासाठी लिहावा. सर्वांत सोपा म्हणजे धरून ठेवलेला षड्ज किंवा पंचम. 'हे प्रभू, दया कर'च्या खाली चार मुलगे नुसता षड्ज धरून उभे राहिले तरी सगळ्या चर्चला आधार मिळतो, आणि आपल्यावाचून हे गीत उभे राहत नाही, हे त्या मुलांना समजते. काहींना तबल्यावर बसवा, काहींना वाचनासाठी उभे करा, पण तालमीच्या खोलीतून त्यांना बाहेर जाऊ देऊ नका.

चषकाबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. स्पर्धेला जरूर जा, मुलांना दुसऱ्या शाळांचे गाणे ऐकायला मिळते. मात्र स्पर्धेसाठी वीस निवडक मुले आणि उरलेली बाकांवर, असा पायंडा एकदा पडला की तो मोडायला फार त्रास होतो.

उत्तर ३ — मडगावकर

गोव्यातून लिहितो आहे, म्हणून आमच्याकडची एक बाजू मांडतो. पोर्तुगीज काळात इथल्या धर्मग्रामांच्या शाळांमध्ये चर्चचे गायनमास्तर मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवत असत, आणि तीच मुले रविवारी चर्चमध्ये गात-वाजवत. या शाळांतून तयार झालेले वादक पुढे मुंबईत गेले, आणि चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या कलाकारांचा इतका भरणा होता त्याचे एक मोठे कारण त्यांना लिहिलेले संगीत वाचता येत होते, हेच होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील गावच्या चर्चचे गायनमास्तर होते. हे गोन्साल्विस पुढे मुंबईत नामवंत व्हायोलिनवादक व संयोजक झाले आणि संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले.

सांगायचे हे की, ऐकून पाठ करण्यावर न थांबता मुलांना वाचायला शिकवा. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन असो वा भारतीय संगीताची भातखंडे स्वरलिपी, आठवड्याला दहा मिनिटे पुरतात. वाचता येणाऱ्या मुलाला तुमच्यावर अवलंबून राहावे लागत नाही, आणि पुढे तुमची बदली झाली तरी गायकवृंद कोसळत नाही. संगीतबाईंच्या पेटीशिवाय शिकवण्याशी मी सहमत आहे. चर्चमध्ये मात्र ते सगळीकडे जमेल असे वाटत नाही. मोठ्या चर्चमध्ये पंखे चालू असताना मागच्या बाकांपर्यंत स्वर पोहोचवायला वाद्य लागतेच.

नवा_गायनशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. मुलग्यांसाठी षड्ज धरण्याची कल्पना पुढच्याच तालमीत करून पाहीन. दोन गोष्टी अजून विचारतो. ज्येष्ठ गायकांशी कसे वागावे? त्यांतील काही जण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, आणि लॅटिन जाऊन मराठी उपासना आली तेव्हापासूनची गीते त्यांनीच जपली आहेत. दुसरे असे की, आमच्याकडे काही गीते लोकांना येत असूनही ती गात नाहीत, याचे कारण काय असावे?

उत्तर ४ — पेटीवाला

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पट्टीत आहे. गायकवृंदातील मुलींना सोयीची पट्टी आणि बाकावर बसलेल्या पन्नाशीच्या काकांची, मावशींची पट्टी एक नसते. सकाळी साडेसातला, चहा न घेता आलेल्या माणसाचा गळा किती वर जाईल, याचा विचार करून पट्टी ठरवावी. माझा ठोकताळा असा आहे की, पांढरी एकचा (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज धरला तर चाल वर तार ऋषभापलीकडे जाऊ नये आणि खाली मंद्र निषाद-धैवतापर्यंतच उतरावी. पुरुष तीच चाल एक सप्तक खाली गातात. एखादे गीत तार मध्यमाला भिडत असेल तर कीबोर्डवरील ट्रान्स्पोजचे बटण दाबून सगळेच दीड-दोन स्वर खाली आणा. गायकवृंदातील दोन मुली कुरकुरतील, परंतु निम्मे चर्च गायला लागेल. ध्वनिक्षेपकही तपासा. गायकांपुढे सहा माइक असतील आणि आवाज भिंतीवरून परत येत असेल, तर भाविकाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो गात नाही. 'पवित्र, पवित्र' आणि प्रभूची प्रार्थना यांच्या वेळी एक माइक सोडून बाकीचे बंद करून पाहा.

मडगावकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत, असा नियम आहे. आनंदाचा रविवार (उपवासकाळाचा चौथा रविवार), महोत्सव आणि सण यांचा अपवाद आहे. त्या काळात महिमागान नसते, आलेलुया नसतो. आपण हे आठवडे उगाच रिकामे मानतो. लोकांना वाद्याशिवाय गायची सवय लावण्यासाठी वर्षात यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. पंखे मार्चमध्ये फिरतात, हे खरे. तरी एखादे संथ प्रतिसाद-स्तोत्र नुसत्या आवाजावर गाऊन पाहावे.

ज्येष्ठांबद्दल सांगायचे तर त्यांची गीते त्यांच्याकडूनच शिकून घ्यावीत. वसईच्या गावांमध्ये बरीच गीते कागदावर नाहीत, किंवा असलीच तर फक्त शब्द आहेत आणि चाल कोणा काकांच्या गळ्यात आहे. शनिवारी एका ज्येष्ठ गायकाला तालमीला बोलवा, शाळेच्या मुलांना त्यांच्याकडून एक गीत शिकू द्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, आणि मोठ्या मुलांनी त्याची स्वरलिपी लिहून काढावी. असे झाले की काकांना नव्या गीताची भीती राहत नाही, कारण त्यांचे गीत आता कुठे जाणार नाही, हे त्यांना दिसते. त्यांच्या भगिनी मंडळींपैकी कोणी अंत्यविधीला गाणाऱ्या असतील तर त्यांनाही विसरू नका. धर्मग्रामात सर्वांत जास्त ऐकले जाणारे गायन तेच असते आणि त्याची तालीम कोणीच घेत नाही.

शेवटी व्यवहाराचे. शाळेचे तास, चर्चच्या तालमी, लग्ने, अंत्यविधी आणि सणाच्या नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना यांपैकी आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, त्याचे मानधन किती, सुट्टी कधी, हे धर्मगुरूंशी आणि मुख्याध्यापकांशी एकत्र बसून, वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर उतरवून घ्या. सेवाभावाच्या नावाखाली हे बोलणे टाळलेले मी पाहिले आहे, आणि डिसेंबर येईपर्यंत दोन्ही बाजूंना राग आलेला असतो. 22 नोव्हेंबरला संत सेसिलियाचा, संगीतकारांच्या आश्रयदात्या संताचा, सण असतो. त्या दिवशी गायकवृंदाची तालीम घेऊ नका, सगळ्यांना बोलावून चहा-फराळ करा आणि धर्मगुरूंनाही बोलवा.